दुसरी काथवट

स्पेनमधल्या वाल्देहारा गावात डुक्कर कुणाच्याही घरचं कापलं जावो, मसाल्यात हात बेनिल्देचाच पडायचा. एकेचाळीस वर्षं हे चाललं होतं. डिसेंबर लागला की एकेका घरचा निरोप यायचा, "बेनिल्दे, आमचं शनिवारी हं," आणि ही आपला काळा एप्रन काखोटीला मारून निघायची. सुरी चालवणारा वेगळा, आतडी धुणाऱ्या बायका वेगळ्या. पण बारीक केलेल्या मांसात मीठ किती, लसूण किती आणि धुरावर वाळवलेल्या मिरचीची लाल पूड किती, हे ठरवायचं तिनेच. तिने "भरा" म्हटल्याशिवाय गावातल्या कुठल्याही घरात चोरिथोचं, म्हणजे त्या मसालेदार सॉसेजचं, एक आतडंसुद्धा भरलं जात नसे. आणि एवढ्या मानाच्या बदल्यात तिला मिळायचं काय? थोडी कलेजी, घरची बाटलीभर वाइन आणि सगळ्यांनी मिळून ठेवलेली नावं.

नावं ठेवणं ही तिथली रीतच होती. मसाला कालवून झाला की त्यातलं मूठभर तव्यावर परतायचं आणि सगळ्यांनी पावाबरोबर चाखायचं. त्या वेळी चांगलं म्हणणारा माणूस वाल्देहारात जन्मलाच नव्हता. "मिरची झोंबते." "लसूण काय नुसता दाखवला का?" "माझी आई करायची ते वेगळंच." असं म्हणत म्हणत हे लोक पावाने तवा पुसून लख्ख करायचे. बेनिल्देच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी जाऊन ती एकटीच भांडी आपटायची आणि पुढच्या घरचा निरोप आला की पुन्हा जायची.

त्यात सगळ्यात मोठा वैताग म्हणजे ब्राउलिओ, तिच्या धाकट्या बहिणीचा, ओतिलियाचा नवरा. एकतीस वर्षांत या माणसाने एकाही वर्षीचा मसाला सुखासुखी जाऊ दिला नव्हता. एका वर्षी त्याला ओरेगानोमुळे औषध प्यायल्यासारखं वाटलं होतं. एका वर्षी त्याने पांढरी वाइन जास्त झाल्याचं सांगितलं आणि वर स्वतः अर्धा लिटर प्यायला. बेनिल्दे म्हणायची, याची जीभ सैन्यात असतानाच करपली, आता फक्त बोलायला उरलीय.

या वर्षी मात्र करपली होती ती तिची स्वतःची जीभ. ऑक्टोबरात चार दिवस ताप येऊन गेला आणि पाचव्या दिवशी कॉफी तोंडात घेतली तर नुसतं गरम पाणी. तिने कॉफीच्या दुकानदाराला शिव्या घातल्या, नवी पुडी आणली, तीही तशीच. मग चीज, मग कांदा, मग एकदाचा सोक्षमोक्ष लागावा म्हणून चमचाभर मीठ. काही नाही. तोंडात चामड्याचा तुकडा ठेवल्यासारखं. मंगळवारी दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येईल परत, कदाचित नाहीही येणार. दिवसातून दोनदा लवंग आणि संत्र्याची साल हुंगा." बेनिल्दे रोज दोनदा हुंगत होती, लवंगेला शिव्या देत होती आणि ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. सांगायची कशाला? जीभ नसलेल्या बाईला मसाल्याला कोण बोलावणार? अडुसष्टाव्या वर्षी, नवरा जाऊन नऊ वर्षं झाल्यावर, डिसेंबरातही कुणी बोलावलं नाही तर बोलावण्यासारखं वर्षभरात उरणार काय?

आणि तिचा हिशोब असा होता की जिभेचं काम हात करील. एकेचाळीस वर्षं याच मुठींनी मीठ घातलं होतं. मूठ काही तापाने जात नाही.

वर्षातलं पहिलं घर बहिणीचंच होतं. डुक्कर आदल्या दिवशी कापलं होतं, मांस खायला ठीक असल्याची पशुवैद्याची चिठ्ठी सकाळीच आली होती, आणि ओतिलियाच्या मागच्या पडवीत दोन लाकडी काथवटी भरून मांस तयार होतं. प्रत्येक काथवटीत पंचवीस किलो. वर्षभर या घरात जे काही तळलं, उकळलं, पावात घातलं जाणार होतं ते बहुतेक सगळं त्या दोन काथवटींत होतं. थंडी मात्र धड नव्हती. डिसेंबरात माणसं नुसत्या स्वेटरवर फिरत होती. असल्या हवेत मीठ जरा कमी पडलं तर टांगलेलं सगळं फेब्रुवारीच्या आत वास मारायला लागतं, हे बेनिल्देला सांगायला कुणी नको होतं, तरी ब्राउलिओने ते तीनदा सांगितलं.

"हवा बघितलीस का, बेनिल्दे? मिठाकडे लक्ष ठेव."

"तू तुझ्या पेल्याकडे ठेव," ती म्हणाली.

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि बडीशेपेच्या दारूची बाटली अर्ध्यावर आली होती. टेबलावर डुकराच्या चरबीतली खुसखुशीत बिस्किटं होती. ओतिलिया खलात लसूण कुटत होती. तिची मुलगी नोएलिया सुट्टी घेऊन माद्रिदहून आली होती आणि लिंबाच्या पाण्यात आतडी उलटीसुलटी करत "ई" म्हणत होती. तिच्या शेजारी मारैके. ही सहा वर्षांपूर्वी हॉलंडहून येऊन गावात घर घेऊन राहिलेली बाई. बाई मनाने सोनं, पण तिचं एक दुखणं होतं. तिला सगळंच आवडायचं. शिळा पाव आवडायचा, आंबट वाइन आवडायची, ब्राउलिओची गाणीसुद्धा आवडायची. "अप्रतिम!" ती प्रत्येक घासाला म्हणायची. म्हणून चाखायच्या वेळी तिचं मत कुणी धरत नसे.

बेनिल्देने पहिली काथवट घेतली. मीठ दहा मुठी, कुटलेला लसूण, ओरेगानो, लाल पूड, वाइन. कोपरापर्यंत हात घालून ती मळू लागली. मांस बर्फासारखं गार, बोटं बधिर. सगळं लालभडक होईपर्यंत तिने मळलं. मग दुसरी. तिने मुठी टाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन...

"बाबा, हे आतडी भरायचं मशीन तुम्ही धुतलंय का?" नोएलिया ओरडली.

"मागच्या वर्षी धुतलं होतं."

"मागच्या वर्षी? यात गंज आहे!"

"गंज नाही तो, मिरची आहे."

"मावशी, तूच बघ गं, हा गंज आहे की मिरची?"

बेनिल्देने मान वळवून बघितलं. गंज होता. तिने ब्राउलिओला त्याच्या आईपर्यंत जाऊन सुनावलं, ब्राउलिओने आईला मध्ये आणू नकोस म्हणून उत्तर दिलं, मारैकेने दोघांचंही भांडण अप्रतिम असल्याचं सांगितलं. मशीन नळाखाली गेलं. बेनिल्दे परत काथवटीकडे वळली आणि तिथेच थांबली.

किती मुठी झाल्या होत्या? तीन? पाच? की ही सात झाल्यावर वळली होती? मीठ मांसात विरघळून गेलं होतं. आजवर तिने मुठींच्या मोजणीवर कधी भिस्त ठेवलीच नव्हती. ठेवायची गरज काय? बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावलं की कळायचं. सवयीने तिने बोट जिभेला लावलं. चामडं. पुन्हा लावलं. चामडं.

विचारायला हरकत नव्हती. "अगं ओतिलिया, जरा चाखून बघ." एवढंच म्हणायचं होतं. पण एकेचाळीस वर्षांत कच्चा मसाला कुणाला चाखायला दिला नव्हता, आता दिला की लगेच बभ्रा. तिला स्वतःचाच इतका राग आला की कानशिलं तापली. झाल्या असतील दहा, तिने ठरवलं. झाल्याच. हात विसरत नाही. तिने वरून लाल पूड ओतली आणि इतक्या जोरात मळायला लागली की काथवट टेबलावर सरकू लागली.

मग तवा चढला. आधी पहिल्या काथवटीतलं. चर्र आवाज झाला, तांबडं तेल सुटलं, ओतिलियाने पाव कापला. सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि बेनिल्दे तव्याकडे न बघता त्यांच्या तोंडांकडे बघत राहिली.

"जरा जाड कापलंय मांस," ओतिलिया म्हणाली.

"झोंबतंय," नोएलिया म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

"अप्रतिम!"

ब्राउलिओने मिशीवरचं तेल पुसलं. "आता कसं सांगू तुला, बेनिल्दे. हे खाऊन माणूस मरणार नाही. पण मेलेला उठणारही नाही."

"तू आधी मर, मग बघू," बेनिल्दे म्हणाली. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. हातांना सगळं येत होतं. उगाच दोन महिने जीव टांगणीला लावला होता.

दुसऱ्या काथवटीतलं तव्यावर गेलं. पुन्हा पाव, पुन्हा घास. नोएलिया चावता चावता थांबली. तिने आईकडे बघितलं. ओतिलियाने घास गिळला आणि एप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधली. ब्राउलिओ खिडकीबाहेर बघू लागला, जणू बाहेर काही होतं.

"छान झालंय," ओतिलिया म्हणाली.

"खूप छान, मावशी," नोएलिया म्हणाली.

मारैकेने काहीच म्हटलं नाही.

"ब्राउलिओ?" बेनिल्देने विचारलं.

ब्राउलिओने खाकरून घसा साफ केला. एकतीस वर्षांत तो खाकरला नव्हता, तोंडाला येईल ते बोलत आला होता. "चांगलंय," तो म्हणाला. "यंदा... यंदा चांगलं जमलंय."

बेनिल्देने एकेकाचं तोंड बघितलं. कणभर खोट नसताना खोट काढायला या लोकांना काय मजा यायची, आणि आता खरी खोट सापडली तर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप! चांगलं जमलंय म्हणे. या गावात मेलेल्या माणसालाच चांगलं म्हणतात.

"सगळेच डच झालात का आज?" ती म्हणाली.

कुणी हसलं नाही, मारैकेसुद्धा नाही.

"मीठ नाही ना?" बेनिल्दे म्हणाली. "बोला ना! मीठ नाही. पंचवीस किलो मांस आतड्यात भराल, टांगाल, सडलं की विहिरीमागे पुराल, पण मला तोंडावर सांगणार नाही. का रे? मी काय पाहुणी आहे?"

"तसं नाही गं," ओतिलिया म्हणाली. "आम्ही सडू दिलं नसतं. तू घरी गेल्यावर मी घातलं असतं मीठ."

"मी गेल्यावर!"

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला काय वाईट वाटायचं होतं?"

ओतिलियाने खल बाजूला ठेवला. "ताई, मागच्या महिन्यात सर्व संतांच्या सणाला मी तांदळाची खीर केली होती, आठवतं? दूध नासलं होतं. आंबट ढाण झाली होती. या दोघांनी चमचा खाली ठेवला आणि तू दोनदा वाढून घेतलीस. वर म्हणालीस, यंदा बरी केलीस."

म्हणजे महिनाभर यांना माहीत होतं. महिनाभर ही माणसं तिच्याशी साळसूदपणे बोलत होती आणि पाठीमागे मान हलवत होती. मीठ तिच्यामागून घालणार, तिला मान म्हणून काथवटीपाशी उभं करणार, आणि दरवर्षी म्हणणार, छान झालंय. बेनिल्देला वाटलं, यापेक्षा निरोपच आला नसता तर बरं झालं असतं. डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळे नव्हते, कोपरापर्यंत मसाला होता.

"मला दया नकोय तुमची," ती म्हणाली. आवाज फुटला म्हणून ती आणखी चिडली. "एकतीस वर्षं हा माणूस मला छळतोय. एकदा तरी याच्या तोंडून बरा शब्द निघावा म्हणून मी जीव टाकला. आणि आता निघाला तो असा? खोटा? ब्राउलिओ, तुला लाज कशी वाटत नाही?"

ब्राउलिओचं तोंड लाल झालं. त्याने पाव टेबलावर आपटला.

"मग ऐक! अळणी आहे! पेज खाल्ल्यासारखं अळणी आहे. माझ्या आजोबांच्या कुत्र्याने हुंगून सोडून दिलं असतं! झालं समाधान?"

"मीठ अजिबात नाही, की कमी?"

"काय?"

"अजिबात नाही की कमी, ते सांग. नुसतं भुंकू नकोस."

ब्राउलिओने आणखी एक तुकडा उचलला आणि भुवया आकसून चावला. "आहे. पण थोडं. अर्ध्याहून कमी."

"म्हणजे चार मुठी पडल्यात," बेनिल्दे म्हणाली आणि मिठाच्या पिशवीत हात घातला. "पाच घालते. मग सांग."

तिने पाच घातल्या, तळापासून वरपर्यंत मळलं, ओतिलियाने मूठभर परतलं, ब्राउलिओने खाल्लं.

"अजून."

"किती अजून?"

"मला काय विचारतेस? मी काय तराजू आहे?"

"पहिल्या काथवटीतलं खा, मग हे खा, मग बोल. डोकं आहे ना मानेवर?"

तो बडबडत गेला, पहिल्यातलं खाल्लं, दुसऱ्यातलं खाल्लं. "एक मूठ. मोठी नको. तुझी मूठ म्हणजे फावडं आहे."

तिने फावड्याची एक मूठ घातली. पुन्हा मळणं, पुन्हा तवा, या खेपेला दोन्ही काथवटींतलं. नोएलिया आतडी सोडून बघत उभी राहिली होती. ब्राउलिओने पहिल्यातला घास घेतला, पाण्याने चूळ भरली, दुसऱ्यातला घेतला.

"आता सारखं आहे," तो म्हणाला. "मिठात काही फरक नाही."

ओतिलियाने मशीन ओढून घेतलं. "मग भरायचं ना, ताई?"

"थांब," बेनिल्दे म्हणाली. ती ब्राउलिओसमोर जाऊन उभी राहिली. "लागतंय कसं ते सांग."

"सांगितलं ना. बरं आहे."

"बरं म्हणजे काय? बरं हवामान असतं." तिने लाल हात एप्रनवर पुसले. "मला आता दुसरं काही कळणार नाहीये, ब्राउलिओ. तू सांगशील तेवढंच. तेव्हा नीट सांग."

या बाईने त्याच्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. ब्राउलिओने बायकोकडे बघितलं, बायको मान खाली घालून आतडी चाळत बसली. मग त्याने डोळे मिटले आणि म्हशीसारखा सावकाश चावू लागला. शब्द त्याला सापडत नव्हते. नावं ठेवायला लागतात ते शब्द इथे उपयोगाचे नव्हते.

"आधी मीठ," तो म्हणाला. "मग... मग चरबी सुटते, ती गोड लागते. मग लसूण. मग काय म्हणतात ते, धूर. मिरचीचा धूर, इथे, टाळूला. आणि गिळल्यावर मागे घशाशी थोडं कडवट."

"कडवट?"

"थोडंसं."

"मघाशी होतं?"

"मघाशी नव्हतं. हे शेवटचं परतलं त्यातच."

"दोन्हींना?"

ब्राउलिओने जीभ टाळूवर फिरवली. "दोन्हींना. हो. दोन्हींना."

"मग मसाल्यात काही नाही. तवा जळतोय!" बेनिल्दे गरकन वळली. "ओतिलिया, लाकडं किती कोंबलीस त्या चुलीत? मिरची करपतेय! मिरची घातलेलं मांस असल्या जाळावर परततात का? बाजूला हो, विस्तव ओढ पुढे. तो तवा पुस, कोरडा पुस. आणि आता हळू. धूर दिसला नाही पाहिजे मला."

ओतिलियाने ताईकडे बघितलं. तिने लाकडं पुढे ओढली. तवा पुसला. मूठभर मसाला पुन्हा हळूहळू परतला. या वेळी तेल केशरी सुटलं. सगळे उभे राहिले. ब्राउलिओने घास घेतला, बराच वेळ चावला, गिळला आणि गिळल्यावरही तोंड मिटूनच थांबला.

"गेलं," तो म्हणाला. "कडू गेलं."

बेनिल्दे सकाळपासून पहिल्यांदा स्टुलावर बसली. तिने एप्रन गुडघ्यांवर ओढून घेतला. "भरा," ती म्हणाली. मशीनचा दांडा फिरू लागला आणि नोएलियाच्या हातात पहिलं आतडं फुगत गेलं.

"गुरुवारी एमेतेरियाकडे आहे," बेनिल्दे ब्राउलिओला म्हणाली. "आठ वाजता ये. दारू न पिता. तोंड कोरं हवंय मला."

"एमेतेरियाकडे? मी? ती माझ्याशी सतरा वर्षं बोललेली नाही!"

"तुला बोलायला कोण नेतंय?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बेनिल्देला चव कळत नाही. खरंच आहे ते, म्हणू देत." हे मोठ्याने म्हणताना तिला वाटलं होतं तितकं काही झालं नाही. "आणि तो पेला ठेव खाली. पाठीच्या मांसाचा मसाला अजून व्हायचाय."

ब्राउलिओने पेला तोंडाशी नेला होता. वाइन त्याच्याच हातची होती, सप्टेंबरातली, आणि सकाळपासून तो या पेल्याची वाट बघत होता. त्याने तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली आणि पेला न पिता टेबलावर ठेवला.